वायच दूध

मागच्या मे महिन्यात भाच्याबरोबर त्याच्या ऑफिसातला एक मुलगा देवगडला आला होता. पुण्याचा, सडपातळ, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. त्याला हापूसची बाग बघायची होती म्हणून आम्ही मावशीकडे गेलो. मावशीने ओटीवर वाळत घातलेली आमसुलांची ताटं बाजूला सारली, खुर्च्या मांडल्या आणि "चाय ठेवतंय" म्हणत आत वळली. तेवढ्यात तो मुलगा अगदी अदबीने म्हणाला, "आजी, मला ब्लॅक टी चालेल. दूध नको, साखर नको." मावशीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "कोरी मागता." ती काही न बोलता आत गेली. थोड्या वेळाने ट्रे बाहेर आला तो सगळ्या कपांत दूध घेऊनच, आणि त्या मुलाच्या कपात तर इतरांपेक्षा चमचाभर जास्तच. तो जरा चाचरला. मावशी म्हणाली, "घी रे बाबा. माझ्या घरात दूद नाय काय?" त्याने मुकाट्याने कप उचलला आणि संपवला. परतताना गाडीत म्हणाला, आजींना बहुतेक नीट ऐकू आलं नसेल. मावशीला परड्यात आंबा पडला तर ओटीवर बसून कुठल्या कलमाचा ते कळतं. मी गप्प बसले.

पण ते मला बरेच दिवस खटकत राहिलं. पोराने सरळ मागितलं होतं, मिळालं उलटंच. आपल्या पोटात काय जावं हे ठरवायचा त्याला हक्क आहे की नाही? आहे. तरी मावशीचाही राग येईना. कारण आम्हा सगळ्यांना दुधाचा चहा देऊन झाल्यावर ती स्वतः स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, हातात स्टीलचा पेला, आणि त्यात गुळाची कोरी चाय. तिच्या पेल्यात दूध नव्हतं. कधीच नसतं. त्या मुलाला जे हवं होतं ते घरात तयार होतं, टोपात उरलेलंही होतं, फक्त ते पाहुण्याला द्यायचं नसतं.

मावशीची चहा करायची रीत अजून जुनीच आहे. टोपात पाणी, गूळ, परड्यातल्या गवती चहाची दोन पाती गाठ मारून, पावसाळा असेल तर आलं ठेचून. हे सगळं खळखळून उकळलं की पावडर, मग झाकण, मग गाळणी. दूध टोपात जातच नाही. ते शेजारी वेगळ्या भांड्यात कोमट करून ठेवलेलं असतं आणि कप भरल्यावर वरून, पळीने, एकेका कपात. मुंबई-पुण्याकडे पाणी, दूध, साखर, पावडर सगळं एकत्र रटरटवतात, तिथे सगळ्यांच्या वाट्याला एकच चहा येतो. आमच्याकडे शेवटच्या क्षणापर्यंत चहा कोराच असतो आणि कुणाच्या कपात किती पांढरं पडायचं ते मावशीच्या मनगटावर असतं. लहानपणी मी चुलीजवळ बसून हे बघत असे. तांबडा-काळा रंग, त्यात पळीच्या टोकावरून पडलेली दुधाची धार. पहिल्या पावसात नदीचं गढूळ पाणी खाडीच्या तोंडातून समुद्रात शिरतं तसं ते दूध आधी तळाशी जायचं, मग कडेकडेने वर फुगत यायचं. क्षणभर सगळा श्वास त्या कपात. आता ते एकजीव होणार, की बारीक कणी दिसणार?

कणी दिसली की चहा फुटला. गुळाच्या चहात ही भीती कायमची. गूळ थोडा आंबट अंगाचा असतो, त्यात क्षार असतात, आणि उकळत्या गुळाच्या पाण्यात दूध पडलं तर ते फाटायला निमित्तच शोधत असतं. दूध सकाळचं असेल आणि दुपार टळून गेली असेल तर बघायलाच नको. वरून चांगलं दिसणारं दूध आतून आंबायला लागलेलं असतं आणि गरम चहाला टेकलं की उघडं पडतं. म्हणून आधी टोप उतरवायचा, उकळी पूर्ण बसू द्यायची, दूध वेगळं तापवून घ्यायचं, आणि मग धार. आल्याचंही तसंच. कच्च्या आल्यात दूध फाडणारं एक पाचक द्रव्य असतं, ते उकळलं की मरतं. म्हणून आलं आधी पाण्यात, दुधात कधीच नाही. मावशीला यातलं शास्त्र कुणी शिकवलेलं नाही. पण एकदा घरात सून नवीन असताना सोलकढीचं भांडं वरवर विसळून त्यात दूध तापवायला ठेवलं गेलं, तेव्हा दूध बघायच्या आधी मावशीने भांड्याचा वास घेतला होता.

दूध इतकं जपून का, हे तिकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. कातळावर गवत पावसाळ्यापुरतं. पुढे वर्षभर गुरांच्या पुढ्यात भाताचा पेंढा, ज्यात कस म्हणून काही नाही. आमची गावठी गाय अंगाने छोटी, उतारावर शेळीच्या चपळाईने चढणारी, पावसाला न हटणारी. अलीकडे तिला कोकण कपिला म्हणून जातीची सरकारी मान्यता मिळाली. मान मिळाला, दूध तेवढंच राहिलं, दिवसाला दोनेक लिटर, तेही वासराचं काढून ठेवून. त्यातलं तापवल्यावर वरची साय निघायची ती तुपाच्या भांड्यात. साय चहात घालणं म्हणजे उधळपट्टीचा कळस. आजही एखाद्या टपरीवर 'मलई मारके' ऐकलं की माझ्या मनात कुठेतरी आजी कपाळाला हात लावते. साय काढलेलं निळसर दूध, त्यातलं लहान पोरांचं बाजूला, देवाच्या नैवेद्याचं बाजूला, विरजणाचं बाजूला. उरलं ते चहाला. आणि त्या उरलेल्यावर हक्क कुणाचा, याची उतरंड घरातल्या पोरालाही पाठ असायची. जावई आला तर चहा जवळजवळ पांढरा. मुंबईचा चाकरमानी आला तर भरपूर. गावातला शेजारी रोजचा असेल तर नावापुरतं. घरातल्या पुरुषांना असलं तर. बायकांना कोरा.

आणि कामेऱ्यांना कोरा. हे लिहिताना हात जरा अडखळतो. लावणीला, झोडणीला, आंबे उतरवायला येणाऱ्या माणसांचा चहा मागच्या दारी जायचा. माझ्या आठवणीत मांगराच्या, म्हणजे शेतीच्या खोपटाच्या, भिंतीला खिळे होते आणि त्यांवर कान तुटलेले कप अडकवलेले होते. ते कप घरात येत नसत. कुणाकुणाला तर करटीतून, म्हणजे नारळाच्या करवंटीतून. आजी त्यांना चहा भरपूर द्यायची, गूळ हात सैल सोडून घालायची, सोबत भाकरीही असायची. पण दुधाची पळी मागच्या दाराकडे वळलेली मी पाहिली नाही. 'दूध नव्हतंच' हे आमच्या घरांमधलं ठरलेलं उत्तर आहे आणि ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण दूध होतं त्या दिवशीही पळी तिकडे वळली नव्हती. कोकणी माणसाच्या पाहुणचाराचं कौतुक ऐकताना मला ते खिळे दिसतात. म्हणून त्या पुण्याच्या मुलाच्या कपात मावशीने चमचाभर जास्त ओतलं तेव्हा तिने काय सांगितलं ते मला कळलं होतं. कोरा चहा म्हणजे मागच्या दारचा चहा. ओटीवर बसवलेल्या माणसाला तो कसा द्यायचा?

कोरा मागून घेणारी माणसं असतात, हे तिच्या जगात बसतच नाही.

आमच्या घरात चहा आला तोच मुळी बोटीने. आजोबा लालबागला गिरणीत होते. पाळीच्या आधी आणि पाळीनंतर चहा, ही सवय त्यांना तिकडे लागली. भाऊच्या धक्क्यावरून बोट निघायची, देवगडला ती थांबली की पडावातून किनाऱ्याला यायचं, आणि ट्रंकेत चहाच्या पावडरीचा पुडा. कोकण रेल्वे पुरती सुरू झाली १९९८ ला, त्यामुळे देशावर स्टेशनास्टेशनांवर चहाच्या ज्या जाहिराती लागल्या त्या आमच्या बाजूला कुणी पाहिल्या नाहीत. १९०३ पासून चहाच्या निर्यातीवर सरकार कर घेत होतं आणि त्या पैशातून लोकांना चहा प्यायला शिकवायची मोहीम चालायची. ताजं उकळतं पाणी किटलीत, पत्ती मुरू द्या, कपात ओता, मग दूध-साखर. टपरीवाल्यांनी ते बाजूला ठेवून सगळं एकत्र उकळलं. १९३० च्या दशकात आसामात पत्ती चिरडून, फाडून, वळवून बारीक दाणा करायचं यंत्र आलं. सीटीसी म्हणतात ती हीच. ती थोडक्यात खूप रंग सोडते आणि दूध पचवते, त्यामुळे टपरीवाल्यांचं फावलं. गंमत अशी की साहेबाची शिस्त, म्हणजे आधी चहा आणि मग वरून दूध, आमच्या मावशीने कुणी न शिकवता पाळली. तिचं कारण मात्र साहेबाच्या डोक्यात कधी आलं नसेल.

साहेबाचं कारण चवीचं होतं आणि त्यावर त्यांनी वाद तरी किती घातला! १९२० च्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शेतकी संशोधन केंद्रात म्युरिएल ब्रिस्टल या शेवाळांच्या अभ्यासक बाईंना रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने चहा पुढे केला. त्यांनी तो नाकारला, कारण त्यात चहा आधी आणि दूध नंतर पडलं होतं. फिशर म्हणाला, त्याने काय फरक पडतो? बाई म्हणाल्या, मला चवीवरून कळतं. मग आठ कप मांडले गेले, चार असे, चार तसे, क्रम चिठ्ठ्या टाकल्यासारखा. आठातून चार निवडायच्या सत्तर तऱ्हा होतात, म्हणजे नुसत्या अंदाजाने सगळे बरोबर ओळखायची शक्यता ७० मध्ये १. फिशरने १९३५ च्या आपल्या पुस्तकात प्रयोग कसा आखावा हे याच चहावरून समजावलं आणि आजचं निम्मं संख्याशास्त्र त्या वाटेने चालतं. पुस्तकात बाईंनी किती कप ओळखले ते दिलेलं नाही, हे मला फार आवडतं. पुढे २००३ ला ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने निवाडा दिला की दूध आधी घालावं. गरम चहात थोडं थोडं दूध पडलं तर ते एकदम ७५ अंशांच्या वर जातं आणि त्यातली प्रथिनं बिघडतात, म्हणून. ते ठीक आहे. दुधातलं केसीन नावाचं प्रथिन चहाच्या तुरटपणाला धरून ठेवतं हेही ठीक, जिभेला ते शास्त्राआधीच कळलेलं असतं. पण समजा मावशीला त्या टेबलाशी बसवलं असतं, तर तिने आधी विचारलं असतं, हे आठ कप कुणाकुणाचे? माणसं कळली असती तर न चाखता तिने सांगितलं असतं कुणात किती दूध असेल.

माझा एक चुलतभाऊ मर्चंट नेव्हीत आहे. त्याचं जहाज गाड्या भरायला जर्मनीच्या एम्डेन बंदरात लागायचं. तो भाग पूर्व फ्रीजलंड, सपाट, ओला, वारा खाणारा किनारा, आणि जर्मनीत सगळ्यांत जास्त चहा तिथे पितात. भाऊ सांगतो, कपात आधी खडीसाखरेचा खडा, त्यावर कडक गरम चहा ओतला की खडा तडतडतो, मग लहान चमच्याने कपाच्या कडेकडेने दाट साय सोडायची. ढवळायचं नाही. आधी सायीचा घोट, मग कडू, तळाशी गोड. ती साय चहात ढगासारखी वर येते ते बघत लोक गप्प बसतात म्हणे. आणखी चहा नको असेल तर चमचा कपात ठेवायचा, यजमान मग आग्रह करत नाही. हे त्याने आमच्या ओटीवर सांगितलं तेव्हा मावशी मोठ्याने हसली. चमचा कपात ठेवला तर आमच्याकडे समजतील साखर कमी पडली.

त्याच भावाकडून आणखी एक कळलं. मासेमारीच्या लाँचवर खलाशी कोराच पितात, आणि त्यात मानापमान नाही. बर्फ असतो, पण मासळीशेजारी ठेवलेलं दूध रात्रीत बांगड्याचा वास धरतं. लाँचचा प्रमुख असलेल्या तांडेलालाही कोरा, नव्या पोरालाही कोरा. किनाऱ्यावर आल्यावर मात्र तोच तांडेल हॉटेलात 'स्पेशल' मागतो.

आमच्या शेजारच्या मोहल्ल्यातली गोष्ट आणखी वेगळी. तिथल्या घरांत माणसं आखातात, त्यामुळे दुधाची टंचाई त्यांनी आमच्या आधी मिटवली. निडो या दूधपावडरीचा मोठा पिवळा डबा सुटकेसमधून यायचा. आईची एक मैत्रीण त्यातली वाटीभर पावडर ईदच्या शिरखुर्म्याबरोबर आमच्याकडे पाठवायची. आईने ती पहिल्यांदा थेट गरम चहात टाकली आणि गोळे झाले, वरून चिकट, फोडले की आत कोरडं पीठ. पावडर आधी चमचाभर गार पाण्यात खलून घ्यायची असते, नाहीतर गरम चहा बाहेरचा थर लगेच घट्ट करतो आणि आत पाणी जाऊच देत नाही. आम्ही पोरं ते गोळे चमच्याने काढून खायचो. दुधाचा तो पहिला माज. आणि त्या घरी गेलं की मोठी माणसं जेवणानंतर सुलेमानी प्यायची, बिनदुधाचा, लिंबू पिळलेला, काचेच्या छोट्या पेल्यात. ओटीवर, पाहुण्यांत, मानाने. कोरा चहा इतका रुबाबात बसलेला मी तिथे प्रथम पाहिला. घराघरांत पन्नास पावलांचं अंतर होतं, पण कपातल्या मानाचं गणित उलटं.

नंतर घाटावरून पिशव्या आल्या. कोल्हापूरकडचं दूध फोंडा नाहीतर करूळ घाट उतरून पहाटे येतं, नाक्यावर क्रेट पडतात, आणि उजाडायच्या आत प्रत्येक घरात अर्धा लिटर पोचलेलं असतं. गुरं कमी झाली, मावशीच्या गोठ्यात आता आंब्याच्या पेट्या आहेत. गणपतीत चाकरमानी आले की पिशव्यांसाठी दुकानात आदल्या रात्री नाव सांगून ठेवावं लागतं. घाटात दरड आली की मात्र दोन दिवसांत गावाचा खरा रंग दिसतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला पूर आला, तिकडे दूध गोळा करणंच बंद पडलं, मुंबईतही पिशव्या मिळेनात. त्या दिवसांत आमच्याकडे सगळ्या घरांत कोरा चहा होत होता आणि मी खोटं कशाला सांगू, मला तो छान लागत होता. आल्याचा झणका, गुळाची खारवट गोडी, गवती चहाचा वास, दुधाने यातलं बरंच झाकलेलं असतं. माझा स्वतःचा कल कोऱ्याकडेच आहे. घरी मी तोच पिते. मावशीकडे गेले की मात्र ती ओतेल तेवढं दूध घेते आणि वर "आणि वायच घाल गे", म्हणजे आणखी जरासं घाल, म्हणते. ते दूध मला हवं असतं असं नाही. तिला घालताना बघायला आवडतं.

आता तर शहाणी माणसं दूध सोडायला लागली आहेत. कुणाला पचत नाही, कुणाला डॉक्टरने सांगितलंय, कुणाला गाईची दया. होमस्टेवाले विचारतात, नारळाचं दूध चालेल का? परसात माड असून चहात नारळाचा रस घालायचं कोकणात कुणाला सुचलं नाही, आणि बरंच झालं. कडक चहात तो फाटतो, वर तेलाचे डोळे तरंगतात. त्याची जागा कढीत आहे, तिथे तो राजा.

या वर्षी हंगाम संपताना मी परत मावशीकडे होते. तिच्या बागेत राखणीला नेपाळी जोडपं असतं, पाऊस आला की ते गावी जातात. निघायच्या आधी हिशेब करायला मावशी कातळावरच्या त्यांच्या खोपीत गेली, मी बरोबर. त्या बाईने "आमा, बैठो" म्हणत एकुलती एक प्लॅस्टिकची खुर्ची पुढे केली आणि स्टोव्ह पेटवला. भांड्यात तिने पिशवी कापून सगळं दूध ओतलं. पाण्याचा थेंब नाही. त्यात साखर, वेलची, ठेचलेली मिरी, पावडर, आणि ते वर येईल तसतसं भांडं उचलत, परत ठेवत, बराच वेळ आटवलं. रंग आला तो विटकरी, वर सायीचा जाड पापुद्रा. पहिला पेला मावशीच्या हातात, अगदी काठापर्यंत, आणि वरची साय चमच्याने उचलून त्याच पेल्यात. मी मावशीकडे बघत होते. तिने पदराने पेला धरला, फुंकर मारली आणि सावकाश, एक शब्द न बोलता, तळापर्यंत संपवला. साय जिभेने ओठावरून पुसली. मग पैसे मोजून दिले, पोरासाठी खाऊला वेगळे दिले, आणि आम्ही निघालो. बागेच्या गडग्यापर्यंत ती काही बोलली नाही. फाटकाचं बेडं सरकवताना म्हणाली, "पाणी घालूक इसारलीच वाटता गो ती. अर्धो लिटर तरी दूद गेला आसात."